१२९ दिवस राहू द्या, ३१ तासांकडे बघा

पत्र

नमस्कार. वय २८, राहणार अमळनेर. नोकरी जळगावला, एका डाळ मिलच्या ऑफिसात हिशेबाची. रोज रेल्वेनं अप-डाऊन, सकाळी सहाला उठावं लागतं, घरी यायला रात्रीचे आठ. छंद एकच, गेम. त्यातही मी आळशी. गेम विकत घेतो, डाउनलोड करून ठेवतो, सुरू करतो आणि मूळ काम सोडून भलतीकडेच रमतो. परवा स्टीमवरच्या (कॉम्प्युटरचे गेम विकत मिळतात ते ऑनलाइन दुकान) सगळ्या गेमांचे तास जोडले. आठ वर्षांत ३,१००. भागाकार केला तर १२९ दिवस निघाले. म्हणजे चार महिन्यांहून जास्त काळ मी न जेवता, न झोपता, सलग खेळलोय! त्यात साम्राज्य उभारायच्या सिव्हिलायझेशन ६ चे १,२६० तास, शेती करायच्या स्टारड्यू व्हॅलीचे ४१०, हरवलेली मुलगी शोधायच्या विचर ३ चे १९०. एवढं करून विचरमधली ती मुलगी अजून सापडलेली नाही, कारण मी त्या गेममधल्याच गावोगावच्या खानावळींत बसून पत्ते खेळतोय. वडील आकडा ऐकून म्हणाले, "एवढ्या वेळात एमपीएससी झाली असती." आजी रोज विचारते, "दिनभर त्या डबामा काय देखस रे भो?"

स्टीम सांगतं, गेल्या दोन आठवड्यांत ३१ तास झाले. फोनवर बीजीएमआय या गोळीबाराच्या ऑनलाइन गेमच्या दोन-तीन मॅच होतात त्या वेगळ्या. झोपायला दीड वाजतो. या महिन्यात दोनदा गाडीत डोळा लागला, जळगाव निघून गेलं आणि भुसावळला उतरलो. मित्र हसतात, मीही हसतो. पण खरं सांगा, वेळ वाया गेला का? मी व्यसनी झालोय का? गेम सोडायचे नाहीत, हे आधीच सांगतो. आणि मे महिन्यात लॅपटॉप तापून गेम अडखळतो, त्याचं काय करू?

— अमळनेरचा आळशी गेमर

उत्तर

भाऊ, तुमचं रोजचं काम हिशेबाचं, म्हणून हिशेबापासूनच सुरू करू. १२९ दिवसांचा भागाकार चुकलेला नाही, पण तुम्ही ३,१०० ला २४ नं भागलंत. दिवसाचे चोवीस तास कोणीच कशालाच देत नाही. आठ वर्षांचे दिवस होतात २,९२०. त्यांनी भागा. रोजचा १ तास ४ मिनिटं निघतो. दिवसभर काम आणि रेल्वेचा प्रवास करून आलेल्या माणसानं रात्री तासभर आवडीचं काही केलं, तर त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

आता पत्रात तुम्ही ओझरता लिहिलेला आकडा घ्या. दोन आठवड्यांत ३१ तास, म्हणजे रोजचे २ तास १३ मिनिटं. आठ वर्षांच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त. यात बीजीएमआय नाहीच, कारण स्टीमला तुमच्या फोनमधलं काही कळत नाही. एरांगेल नकाशावरची मॅच शेवटपर्यंत गेली तर अर्ध्या तासाच्या आसपास चालते. दोन-तीन मॅचचे तास ते दीड तास धरा. एकूण रोजचे सव्वातीन तास किंवा थोडे अधिकच.

झोपेचा हिशेबही याच कागदावर करा. दीडला झोपून सहाला उठता, म्हणजे साडेचार तास. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात. रोजचे अडीच तास कमी पडले, कामाच्या सहा दिवसांत पंधरा. आठवड्याचा लॅपटॉपवरचा खेळ साडेपंधरा तास आणि आठवड्याची राहिलेली झोप पंधरा तास. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवा. भुसावळ त्यातूनच आलं आहे. तुमच्या सगळ्या पत्रात आम्हाला काळजी वाटली ती या एकाच ठिकाणी. म्हणून आठ वर्षांची बेरीज विसरा. चौदा दिवसांचा आकडा रोज बघा, तो तुमच्या हातात आहे.

तो आकडा काय मोजतो, हे नीट माहीत हवं. गेम उघडा आहे तोवर स्टीमचं घड्याळ चालतं. मुख्य मेनू उघडा ठेवून तुम्ही जेवायला गेलात तरी तो अर्धा तास जमा होतो. सिव्हिलायझेशनच्या १,२६० तासांत अशी जेवणं नक्कीच बरीच असतील. उलट बाजूनं, गेम डाउनलोड होण्याची वाट बघणं, अपडेट, स्टोअरमध्ये सवलतीतले गेम चाळणं, यूट्यूबवर दुसऱ्याचा खेळ बघणं यातलं काहीच तो मोजत नाही. हे तासही तुमच्याच रात्रीतले असतात. आणखी एक बाब म्हणजे हा आकडा मागच्या चौदा दिवसांचा असतो आणि रोज पुढे सरकतो. एका शनिवारी सहा तास बसलात तर ते पुढचे दोन आठवडे दिसत राहणार. त्यामुळे तीन दिवस नीट खेळूनही आकडा हलला नाही तर धीर सोडू नका. फोनचे तास अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’खाली डॅशबोर्डवर मिळतील. आयफोन असेल तर ‘स्क्रीन टाइम’मध्ये. दर रविवारी सकाळी दोन्ही आकडे एका वहीत लिहा.

लक्ष्य आम्ही असं सुचवू. सहाला उठायचं तर अकराला झोपायचं, म्हणजे साडेदहाला सगळं बंद. आठला घरी, नऊपर्यंत जेवण, मग नऊ ते साडेदहा असा दीड तास. हे आठवड्यातून चार रात्री. रविवारी तीन तास. बेरीज नऊ तास, फोन धरून. दोन आठवड्यांचे अठरा. उरलेल्या रात्री कोणत्या मोकळ्या ठेवायच्या ते तुम्ही ठरवा, पण आधीच ठरवा. त्या दिवशी संध्याकाळी ठरवायला गेलात तर एकही रात्र मोकळी राहणार नाही.

दीडवरून एकदम अकरावर यायला जाऊ नका. पहिल्या रात्री झोप येणार नाही, अंथरुणात फोन हातात येईल आणि बीजीएमआय सुरू होईल. अर्ध्या तासाच्या पाच पायऱ्या करा, प्रत्येक पायरीवर चार दिवस. वीस दिवसांत अकराला पोचाल. रविवारी सकाळी सातच्या पुढे झोपू नका, नाहीतर रविवारी रात्री पुन्हा डोळा लागत नाही आणि सोमवारची गाडी झोपेतच निघते. शेवटचा अर्धा तास बीजीएमआयला देऊ नका. चुरशीच्या मॅचनंतर मेंदू बराच वेळ जागा राहतो. बीजीएमआय आधी, स्टारड्यूची शेती नंतर.

आता तुम्हाला उठवत का नाही, ते बघू. हा तुमच्या आळसाचा प्रश्न नाही. तुमचे चारही गेम वेगवेगळ्या कारणांनी सुटत नाहीत, आणि प्रत्येकाचा उपायही वेगळा आहे.

सिव्हिलायझेशन ६ बुद्धिबळासारखा पाळीपाळीनं खेळायचा गेम, आणि त्यात दोन कामं कधीच एका वेळी संपत नाहीत. शहरात धान्याचं कोठार तीन पाळ्यांनी होणार असतं, संशोधन पाच पाळ्यांनी, शेजारच्या राजाशी तह सात पाळ्यांनी. एक संपलं की दुसरं दोन पाळ्यांवर आलेलं असतं. ‘एवढं झालं की उठतो’ हा बेत या गेममध्ये तडीस जाऊच शकत नाही. म्हणून काम संपण्याची वाट बघू नका, पाळीचा आकडा धरून उठा. सुरुवातीच्या काळात एक पाळी मिनिटाच्या आत होते. पुढे दहा-बारा शहरं झाली आणि लढाई लागली की एकेका पाळीला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्यामुळे सुरुवातीला एका बैठकीत पन्नास पाळ्या चालतील, उत्तरार्धात वीसच धरा. बसतानाच कागदावर लिहायचं: आज ८४ वर आहे, १३४ ला उठणार. उठण्यापूर्वी नकाशावर खुणेच्या पिना लावा, इथे बंदर, इथे धरण. डोक्यातला बेत पिनांवर उतरला की उद्या विसरेल ही भीती जाते, आणि तीच भीती खुर्चीला धरून ठेवते. गेम प्रत्येक पाळीला स्वतः सेव्ह करतो, त्यामुळे पाळी अर्धवट सोडून उठलात तरी फार तर तेवढी एकच पाळी पुन्हा खेळावी लागेल.

याच गेममध्ये सुरुवातीलाच वेग निवडता येतो, आणि तो बहुतेक जण बदलतच नाहीत. नेहमीचा वेग ५०० पाळ्यांचा असतो. ‘क्विक’ ३३० चा, ‘ऑनलाइन’ २५० चा. मॅरेथॉन तर १,५०० पाळ्यांचा, त्याकडे बघूही नका. नकाशा लहान घ्या, प्रतिस्पर्धी चार, वेग ‘ऑनलाइन’. मग दोन-तीन आठवड्यांत एक साम्राज्य उभं राहून निकालही लागतो. १,२६० तासांत तुम्ही किती डाव शेवटपर्यंत नेले ते आठवून बघा. अर्धवट सोडलेले मोठे डाव समाधान देत नाहीत, म्हणून माणूस नवा डाव मांडतो. संपणारा छोटा डाव मांडा.

स्टारड्यू व्हॅलीची गोष्ट वेगळी आहे. त्यातली दहा मिनिटं म्हणजे आपले सुमारे सात सेकंद. सकाळी सहा ते रात्री दोन असा अख्खा दिवस आपल्या चौदा मिनिटांत उरकतो. अठ्ठावीस दिवसांचा हंगाम साडेसहा तासांचा. कॉम्प्युटरवर हा गेम फक्त झोपल्यावर सेव्ह होतो, मध्येच बंद केला तर तो दिवस गेला. म्हणून सगळे दिवस पुरा करतात. झोपलं की सेव्ह होतं आणि लगेच दुसरी सकाळ उजाडते. टीव्हीवर हवामान, पेटीत पत्र, दाराबाहेर तयार झालेलं पीक. इथेच अडकायला होतं. नियम एकच ठेवा: सेव्ह झालं, सकाळ झाली, की घराचं दार उघडायचं नाही. तिथूनच बाहेर पडायचं. एका बैठकीत चार दिवस म्हणजे मेनू धरून तासभर, तेवढे पुरेत. आणि आजीला हाच गेम दाखवा. फ्लॉवरला बारा दिवस लागतात, रोज पाणी घालावं लागतं, हंगाम बदलला की शेतात राहिलेलं त्या हंगामाचं पीक मरतं, हिवाळ्यात उघड्यावर जवळपास काही उगवत नाही. तिला दहा मिनिटांत सगळं कळेल. शेजारी बसवून काय पेरू ते तिलाच विचारा. डब्यात काय बघतो, याचं याहून चांगलं उत्तर आमच्याकडे नाही.

विचर ३ कुठेही सेव्ह होतो, फक्त लढाई आणि संवाद चालू असताना नाही. त्याला उठण्याची अडचण नाही, भरकटण्याची आहे. मूळ कथा साधारण पन्नास तासांची. तुमचे १९० झालेत. पत्त्यांचा खेळ छान आहेच, त्याला दोष नाही, पण तुम्हाला गोष्ट पूर्ण करायची असेल तर नकाशावरची प्रश्नचिन्हं लपवा, मुख्य कामच ‘ट्रॅक’वर ठेवा आणि अवघडपणा सगळ्यात खाली आणा. ‘जस्ट द स्टोरी’ नावाची पातळी त्याच्या निर्मात्यांनीच दिली आहे. ती घेतली म्हणून गोष्ट कमी होत नाही. आठवड्याला पाच तास दिले तर पन्नास तासांची गोष्ट दहा आठवड्यांत होते. दिवाळीत सुरू केली तर संक्रांतीच्या आसपास संपते.

बीजीएमआय थांबवता येत नाही, त्यात आणखी तीन मित्र असतात, आणि हरल्यावर ‘एक जिंकून उठू’ असं होतं. त्याला घड्याळ बाहेरून लावावं लागतं. डिजिटल वेलबीइंगमध्ये अ‍ॅपला वेळेची मर्यादा घालता येते. पण ती लावताना दोन चुका होतात. पहिली, मर्यादा तासाची लावतात. दुसरी मॅच रंगात असताना अ‍ॅप बंद होतं, मित्र चिडतात, आणि दुसऱ्या दिवशी मर्यादाच काढून टाकली जाते. मॅचच्या मापात लावा: दोन मॅचचा एक तास, लॉबीची (मॅच सुरू होण्याआधी थांबायची जागा) दहा मिनिटं, वर पाच. पंच्याहत्तर मिनिटं. दुसरी चूक तुमच्यासाठी जास्त घातक. ही मर्यादा मध्यरात्री नव्यानं सुरू होते. दीडपर्यंत जागणाऱ्याला बारा वाजता नवा कोरा कोटा मिळतो. म्हणून तिच्यासोबत रात्री साडेदहाचा ‘बेडटाइम मोड’ लावा आणि चार्जर झोपण्याच्या खोलीत ठेवू नका. मित्रांना आधीच सांगून ठेवा की दहानंतर नवी मॅच नाही. रोज वेगळं कारण देण्यापेक्षा एकदा वेळ सांगणं सोपं जातं. रोजच्या हजेरीची बक्षिसं, सीझन संपायला चार दिवस राहिले, असल्या सूचना बंद करा. तुम्ही रोज यावं एवढ्यासाठीच त्या असतात.

लॅपटॉपसाठी दोन गजर लावा, फोनवर, आणि फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला. पहिला दहाला: आता नवं काही सुरू करायचं नाही. दुसरा साडेदहाला: सेव्ह, बंद. एकच गजर लावणारे हमखास फसतात, कारण तो वाजतो तेव्हा ते कशाच्या तरी मधोमध असतात.

आळसाबद्दल तुम्ही पुष्कळ लिहिलं आहे. आम्हाला त्यात गेमांचा पसाराच जास्त दिसतो. लॅपटॉपवर दोनच गेम ठेवा, एक मोठा, एक छोटा. बाकीचे अनइन्स्टॉल करा. खरेदी कुठे जात नाही, पुन्हा उतरवता येतात. पण शंभर जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या लाइनवर उतरायला साडेपाच तास लागतात, त्यामुळे सहज म्हणून बदलला जात नाही, हाही फायदाच. अपडेट रात्री नऊला सुरू झालं की दीड तासातली वीस मिनिटं तिथेच जातात आणि मग ती ‘भरून काढायला’ आपण उशिरापर्यंत बसतो. स्टीमच्या सेटिंगमध्ये डाउनलोडखाली अपडेटची वेळ ठरवता येते. तुम्ही ऑफिसातून परतून जेवायला बसता ती आठ ते नऊची वेळ द्या. सवलतीत नवा गेम घेतलात तर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल तोवर स्टीम पैसे परत देतं. पहिल्या दीड तासात मन रमलं नाही तर परत करा, ‘पुढे चांगला होईल’ म्हणून ठेवू नका. आणि कोणताही गेम बंद करताना वहीत दोन ओळी लिहा: कुठे आहे, पुढे काय करायचं होतं. तीन आठवड्यांनी परतल्यावर बटणं आणि बेत दोन्ही विसरलेले असतात, माणूस वैतागून नवा गेम उघडतो. तुमच्या अर्धवट गेमांची यादी बहुधा अशीच वाढली आहे.

वडिलांशी वाद घालू नका. त्यांचा हिशेब पूर्ण खरा नाही. रात्री दहाचा थकलेला तास आणि सकाळचा ताजा तास एकमेकांच्या जागी बसत नाहीत, गेम नसता तर तिथे अभ्यास झालाच असता असं नाही. पण त्यांची काळजी खरी आहे. तुम्हाला परीक्षा द्यायची आहे का, हे स्वतःला विचारा. द्यायची असेल तर रविवारची सकाळ त्यासाठी बाजूला काढा आणि त्यांना तसं सांगा. द्यायची नसेल तर तेही स्पष्ट सांगा. घरी ‘थोडा वेळ खेळतो’ असं म्हणू नका, ‘साडेदहाला बंद करतो’ म्हणा, आणि करा. जेवणाची हाक आल्यावर ‘आलोच’ म्हणून पंचवीस मिनिटं लावणं आईला खुपतं, आणि ऑनलाइन मॅच थांबवता येत नाही हे तिला माहीत नसतं. जेवण झाल्यावरच मॅच लावा. थंडीत रविवारी शेतात भरीत पार्टीचं बोलावणं येईल, त्याच दिवशी गेममध्येही काहीतरी ‘फक्त आजच’ असेल. ते ‘फक्त आजच’ पुढे पुन्हा येतंच.

वेळ वाया गेला का? रात्री नऊ ते साडेदहा ठरवून, मजेत खेळलात, तो वेळ वाया गेला असं आम्ही म्हणणार नाही. बारा ते दीडचा वेळ गेला, कारण तिथे तुम्हाला मजाही येत नव्हती, फक्त उठवत नव्हतं. पत्राचा सूर तेच सांगतो.

व्यसनाचं विचारलंत. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केला आहे, ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात तासांची मर्यादा दिलेलीच नाही. तीन गोष्टी बघतात: खेळण्यावर ताबा राहत नाही, खेळ बाकीच्या आवडी आणि रोजच्या कामांच्या वर जाऊन बसतो, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहतो किंवा वाढतो. हे सगळं सहसा किमान बारा महिने चाललेलं असावं आणि घर, नोकरी, नाती यांत ठळक बिघाड झालेला असावा. तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही, पण पत्रावरून निदान होत नाही. वर सांगितलेल्या वीस दिवसांत मनापासून प्रयत्न करूनही वेळ मागे येत नसेल, खेळायला मिळालं नाही की घरच्यांवर राग निघत असेल, कामाला दांड्या पडू लागल्या किंवा मन सतत उदास राहत असेल, तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा, फुकट आणि चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पैशांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, तरी सांगून ठेवतो. पैसे लावून खेळायच्या रमी, तीन पत्ती वगैरे ऑनलाइन खेळांवर देशात २०२५ च्या कायद्यानं बंदी आली आहे. बंदीनंतरही लिंक पाठवणारे असतात, त्या उघडू नका.

आता लॅपटॉप. बहुतेक लॅपटॉपचे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवायला वेग उतरवतात, गेम अडखळतो तो तिथे. खोली दहा अंशांनी तापली की आतलं तापमानही जवळपास तेवढंच वर सरकतं, म्हणून डिसेंबरात नीट चालणारा गेम मे महिन्यात चालत नाही. पहिलं काम फुकटचं: फ्रेम-रेटला, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात त्याला, मर्यादा घाला. सिव्हिलायझेशनला ३० पुरेत, विचरला ४०-४५. दुसरं, विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के करा. एका टक्क्यात काय होतं असं वाटेल, पण त्यानं प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे जादा वेग, बंद होतो आणि तापमान चांगलंच उतरतं. काही नव्या लॅपटॉपांत हा पर्याय लपवलेला असतो, तिथे कंपनीच्या अ‍ॅपमधला ‘सायलेंट’ किंवा ‘बॅलन्स्ड’ मोड घ्या. तिसरं, मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला, गादीवर किंवा मांडीवर ठेवू नका. कूलरच्या थेट झोतात तर मुळीच नको. पाण्याचे तुषार आणि क्षार आत जातात. चार-पाच फूट बाजूला बसा. उन्हाळ्याच्या आधी पंख्याच्या जाळीतली धूळ साफ करून घ्या, लॅपटॉप तीन वर्षांचा झाला असेल तर त्याच वेळी थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावलेला लेप) बदलायला सांगा. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा, सतत १०० टक्के आणि वर उष्णता यानं बॅटरी फुगते. तीच गोष्ट फोनची: चार्जिंगला लावून उन्हाळ्याच्या दुपारी बीजीएमआय खेळू नका. रविवारचे तीन तास मे महिन्यापुरते सकाळी सात ते दहा घ्या, दुपारी नाही.

लाइट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर खेळण्याचाही हिशेब सांगतो. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून तोटा वजा जाता साधारण १,२०० वॉट-तास मिळतात, बॅटरी जुनी असेल तर कमी. दोन पंखे १५० वॉट खातात, ते आठ तास चालतात. गेम चालू असलेला लॅपटॉप आणखी १८० वॉट ओढतो. मग सगळं मिळून साडेतीन तासांत संपतं. मे महिन्याच्या रात्री लाइट कधी येईल याचा भरवसा नसतो. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी गेममध्ये थोडा वेळ तरी टिकते, तेवढ्यात सेव्ह करा आणि बंद करा. इन्व्हर्टरवर त्याचा चार्जर लावू नका.